ठिणगीवाचून पेटणारे इंजिन

बर्फाच्या कारखान्यात नोकरी करणाऱ्या माणसाने जगाला उष्णतेची काटकसर शिकवावी, हा योग विलक्षणच म्हटला पाहिजे. रुडॉल्फ डिझेलच्या आयुष्यात तो घडून आला.

रुडॉल्फचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिस येथे एका जर्मन कुटुंबात झाला. त्याचे वडील पुस्तकबांधणीचा व चामड्याच्या वस्तू करण्याचा व्यवसाय करीत. १८७० साली फ्रान्स व प्रशिया यांच्यात युद्ध जुंपले आणि या कुटुंबाला पॅरिस सोडून लंडन गाठावे लागले. घरची ओढगस्त एवढी, की बारा वर्षांच्या रुडॉल्फला जर्मनीत ऑग्सबुर्ग येथे नातलगांकडे धाडण्यात आले. पुढे म्युनिकच्या तंत्रशाळेत शीतयंत्रांचा थोर संशोधक कार्ल फॉन लिंडे त्याला गुरू म्हणून लाभला. वाफेच्या इंजिनात कोळशाच्या उष्णतेचा दहावा हिस्साही कामी येत नाही, हे लिंडेच्या तोंडून ऐकल्यापासून या विद्यार्थ्याला एकच ध्यास लागला. १८८० साली उत्तम गुणांनी परीक्षा उत्तीर्ण होऊन तो लिंडेच्याच शीतयंत्रांच्या कामावर रुजू झाला. दिवसा बर्फ करावा आणि उरल्या वेळी आगीचा विचार करावा, असा त्याचा क्रम पुढे कित्येक वर्षे चालला.

सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचे तोंड तापते, हा अनुभव आपणा सर्वांचा आहे. हवा दाबली की ती तापते. ती बरीच अधिक दाबली, तर इतकी तापते की तीत तेलाचा फवारा सोडताच तो आपोआप पेट घेतो. ठिणगीची गरजच उरत नाही. ही कल्पना मांडून डिझेलने १८९२ साली एकस्वासाठी अर्ज केला.

परंतु कागदावरील सिद्धान्त आणि लोखंड यांचे नेहमी पटतेच असे नाही. ऑगस्ट १८९३ मध्ये ऑग्सबुर्गच्या यंत्रशाळेत पहिल्या इंजिनात तेल पेटले, तोच स्फोट होऊन दाबमापक फुटले. पुढच्या वर्षी इंजिन स्वतःच्या बळावर चालले, तेही जेमतेम एक मिनिट. आपल्या इंजिनाला पाण्याने थंड ठेवण्याची गरज नाही, असे डिझेलचे आरंभीचे मत होते. अनुभवाने ते बदलले आणि सिलिंडरभोवती पाणी खेळविण्यात आले. अखेर फेब्रुवारी १८९७ मध्ये प्राध्यापक श्रॉटर यांनी इंजिनाची परीक्षा घेतली. इंधनाच्या शंभर भाग उष्णतेपैकी सव्वीसांहून अधिक भाग कामी लागत असल्याचे दिसून आले! १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनात असे एक इंजिन भुईमुगाच्या तेलावरही चालविण्यात आले.

कीर्ती आली, पैसाही आला. पण तो टिकला नाही. खटले, तोट्याचे व्यवहार व ढासळती प्रकृती यांनी डिझेलला ग्रासले. २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री इंग्लंडला जाणाऱ्या ‘ड्रेस्डेन’ बोटीवरून तो नाहीसा झाला. काही दिवसांनी समुद्रात एक प्रेत आढळले. त्याच्या खिशांतील वस्तू त्याच्या मुलाने ओळखल्या. हा मृत्यू कसा घडला, याचा निश्चित उलगडा कधीच झाला नाही.

मोटारगाडीत बसलेले आपले इंजिन विक्रीस आलेले पाहणे त्याच्या नशिबी नव्हते. मर्सिडिझ-बेंझची तशी गाडी १९३६ साली आली. १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली आणि महाराष्ट्रातील विहिरींवर डिझेल इंजिने धडधडू लागली. आज धाराशिव जिल्ह्यात ट्रॅक्टर, मालट्रक व मोटारी याच तत्त्वावर धावतात.

हिवाळ्यात धाराशिवच्या एखाद्या गॅरेजात चालक तक्रार घेऊन येतो, की गाडी कित्येक कोस धावली तरी तापमानाचा काटा वर चढत नाही. इंजिन तापत नाही, ही तक्रार ऐकून नवख्याला हसू येईल. जाणता मिस्त्री हसत नाही. सिलिंडर थंड राहिला, तर दाबलेल्या हवेतील उष्णता त्याच्या भिंती शोषून घेतात. मग तेल अर्धवट जळते, पांढरा धूर निघतो आणि न जळलेले तेल वंगणात उतरून ते पातळ करते. अर्थात, डिझेलच्या इंजिनात उष्णता कमी वाया जात असल्याने ते मुळातच सावकाश तापते. उभ्या गाडीत तर फारच सावकाश. ही सवड मिस्त्री आधी देतो. मग पूर्ण थंड असलेले इंजिन सुरू करून, पंख्यापासून जपून, तो रेडिएटरच्या वरच्या नळीला हात लावतो. नळी बराच वेळ गार राहून मग एकदम तापली, तर पाणी अडवून धरणारी झडप, म्हणजे थर्मोस्टॅट, ठीक असते. तेव्हा संशय काट्यावर जातो. नळी आरंभापासूनच हळूहळू कोमट होत गेली, तर झडप उघडीच अडकली आहे, असे तो समजतो. खात्रीसाठी इंजिन निवल्यावर झडप काढून ती पाण्याच्या भांड्यात ठेवतात व पाणी तापवितात. साधारण ऐंशी-नव्वद अंशांपर्यंत तिने मिटून राहावयास हवे. गार पाण्यातच ती उघडी दिसली, की दोष सापडला. नवी झडप बसविल्यावर काटा थोड्याच कोसांत मध्यावर येऊन स्थिरावतो.