बायजाबाई शिंदे : सत्ता आणि सावकारी

काशीच्या शिंदे घाटाशी ज्यांचे नाव निगडित आहे, त्या ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांच्याकडे कोणी दानशूर राणी म्हणून पाहिले, कोणी महत्त्वाकांक्षी राज्यकर्ती म्हणून. त्या सावकारही होत्या, याचा उल्लेख बहुधा ओझरताच येतो. व्यवहारनीतीच्या अभ्यासकाला मात्र हीच बाजू मोलाची वाटेल. अर्थशास्त्र, विधी, राजनीती आणि धर्मविचार या सर्वांना स्पर्श करणारा एक प्रश्न त्यांच्या आयुष्यातून उभा राहतो : राज्यकर्त्याने सावकारी करावी काय, आणि केल्यास ते धन कोणाचे?

बायजाबाईंचा जन्म १७८४ मध्ये कागलच्या घाटगे घराण्यात झाला. १७९८ मध्ये पुण्यास दौलतराव शिंद्यांशी त्यांचा विवाह झाला. त्या सुमारास शिंद्यांच्या फौजेचा खर्च भागविण्यासाठी त्यांचे वडील सर्जेराव घाटगे यांनी पुण्यातील धनिकांचा अमानुष छळ करून पैसा उकळला. सत्तेच्या जोरावर परधन ओढण्याचा हा प्रकार ऐन त्यांच्या सासरी येण्याच्या काळातला होता, ही गोष्ट विसरता येत नाही.

१८२७ मध्ये दौलतराव निवर्तले. बायजाबाईंनी जनकोजीस दत्तक घेऊन राज्यकारभार स्वतःच्या हाती ठेवला. फौजेच्या पगारासाठी सावकारांच्या दारी जाणे हे तत्कालीन संस्थानांचे जुने दुखणे होते. बायजाबाईंनी सावकारांना लुटले नाही; त्या स्वतःच पेढीच्या धनी झाल्या. माळव्यातील अफूच्या व्यापाराचे भांडवल ज्या उज्जैनीत खेळत होते, तेथे त्यांचा सराफी व्यवहार चाले. काशीतही त्यांचे द्रव्य गुंतलेले होते. पित्याच्या मार्गापेक्षा हा मार्ग निश्चितच उजवा. तथापि त्यातही एक पेच होता. तंट्याचा निवाडा ज्या दरबाराने करावयाचा, त्याचीच स्वामिनी बाजारात प्रतिस्पर्धी म्हणून उभी राहिली, तर इतर सराफांनी दाद मागावी कोठे?

काशीत मिळवलेले धन काशीतच धर्मकार्यी लावण्याची दृष्टीही त्यांच्या ठायी होती. १८२८ मध्ये त्यांनी ज्ञानवापीच्या विहिरीभोवती स्तंभमंडप उभारला. १८३० मध्ये शिंदे घाट बांधला. घाटाचे बांधकाम इतके अवजड झाले, की काही वर्षांतच ते खचले. पुढे विसाव्या शतकात त्याची पुनर्बांधणी झाली. दानाने धनाचा विनियोग पवित्र होतो, अशी परंपरेची धारणा आहे. अर्जनाच्या रीतीविषयीचा प्रश्न मात्र दानाने मिटत नाही.

तो प्रश्न लवकरच त्यांच्यावर उलटला. १८३३ मध्ये सैन्याने जनकोजीचा पक्ष घेतला आणि बायजाबाईंना ग्वाल्हेर सोडावे लागले. फर्रुखाबाद, प्रयाग असा त्यांचा प्रवास चालू असता काशीतील त्यांच्या द्रव्याविषयी वाद उपस्थित झाला. ते बाईंचे खासगी, की संस्थानचे? सत्तेवर असताना खासगी आणि दौलत यांच्या हिशेबात स्पष्ट सीमारेषा राहिली नव्हती. त्या संदिग्धतेचा लाभ जोवर होता, तोवर ती त्यांना जाचली नाही. सत्ता जाताच तिनेच त्यांचा हक्क दुबळा केला. कंपनी सरकारचा हेतू निर्मळ होता, असे यावरून म्हणावयाचे नाही. स्वतंत्र द्रव्यबळ असलेली राणी कंपनीला गैरसोयीचीच होती.

पुढे काही काळ त्या नाशिकास राहिल्या व उतारवयात ग्वाल्हेरीस परतल्या. त्यांनी मथुरेस मोठा यज्ञ योजल्याची वार्ता ऐकूनच १८५७ मध्ये वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले. त्या प्रवासातून मराठीला ‘माझा प्रवास’ हा ग्रंथ लाभला. १८६३ मध्ये बायजाबाईंचे देहावसान झाले.

स्त्रीने, तेही विधवेने, राज्य आणि पेढी दोन्ही सांभाळावी, हे त्या काळी असामान्य होते. त्यांच्या विरोधकांच्या रोषात या गोष्टीचाही वाटा असावा. ते मान्य करूनही त्यांचे चरित्र एक निर्णय सुचविते. व्यवहारातील सचोटी केवळ वचन पाळण्यात किंवा दान करण्यात संपत नाही. आपले कोणते आणि लोकांचे कोणते, हे सत्ता हाती असतानाच लिहून ठेवण्यातही ती असते.