पाळकांचे गुरू : बिशप लाइटफुट

जोसेफ बार्बर लाइटफुट यांचा जन्म १८२८ साली लिव्हरपूल येथे झाला. केंब्रिजमध्ये ते शिकले आणि तेथेच प्राध्यापक झाले. संत पौलाच्या पत्रांवरील भाष्यांनी त्यांची कीर्ती सर्वत्र पसरली. १८६७ साली चालून आलेले बिशपपद त्यांनी नाकारले. १८७९ साली डरहॅमचे मात्र बऱ्याच विचारांती स्वीकारले.

डरहॅम हा कोळशाच्या खाणींचा मुलूख. वस्त्या वाढत होत्या, पाळक अपुरे पडत होते. त्या काळी विद्यापीठाच्या पदवीधराला विशेष व्यावहारिक शिक्षणाशिवायही अँग्लिकन पंथाची दीक्षा मिळू शके. नवदीक्षित तरुणाला ग्रीक उत्तम येई. पण आजारी खाणकामगाराच्या उशाशी बसून काय बोलावे, हे त्याला कोणी शिकविलेले नसे.

अविवाहित लाइटफुट यांनी ऑकलंड येथील आपला वाडाच या तरुणांसाठी खुला केला. पदवीधर तेथे घरच्या मुलांसारखे राहत. दिवसाचा काही भाग अध्ययनात, तर उरलेला खाणवस्त्यांतील सेवेत जाई. दीक्षेनंतरही नाते तुटत नसे. संत पीटरच्या सणाला दरवर्षी सारे पुन्हा एकत्र जमत.

याची किंमत त्यांच्या लेखणीने मोजली. १८८९ साली ते निवर्तले, तेव्हा क्लेमेंटवरील ग्रंथाची नवी आवृत्ती अपुरीच होती. ती १८९० साली प्रसिद्ध झाली. ग्रंथ अपुरा राहिला, पण माणसे घडली. पदवीलाच शिक्षणाचा शेवट मानणाऱ्या आपणा विद्यार्थ्यांना हे चरित्र अंतर्मुख करणारे आहे.