चित्रकार साल्व्हातोर रोझा

समुद्रकांठचे उभे कडे, वाऱ्यानें मोडलेलीं झाडें, खालीं काळें पाणी आणि त्या अफाट देखाव्यांत बोटभर उंचीचे शिपाई किंवा साधु. असें चित्र पाहतांच युरोपांतील रसिकांस साल्व्हातोर रोझा आठवतो. खुद्द रोझाला मात्र या कीर्तीचा तिटकारा होता.

त्याचा जन्म १६१५ सालीं इटलींत नेपल्सनजीक आरेनेला या गांवीं झाला. वडील जमिनीची मोजणी करीत. मुलाचा ओढा चित्रकलेकडे. तिचे पहिले धडे त्यानें मामाकडे घेतले. पुढें तो रोमला गेला, व १६४० च्या सुमारास फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्यानें त्यास आश्रय दिला. त्या काळीं त्यानें काढलेलीं बंदरांचीं भव्य चित्रें तेथील पिट्टी राजवाड्यांत आहेत. तो डाकूंच्या टोळींत राहिला, १६४७ च्या नेपल्सच्या बंडांत लढला, अशा कथा प्रसिद्ध आहेत. आमच्या वाचकांनीं त्यांवर विश्वास ठेवूं नये. बंडाच्या वेळीं तो तस्कनींत होता.

१६४९ सालीं तो रोमला परतला. इतिहास-पुराणांतील प्रसंग रंगविणें हेंच चित्रकाराचें श्रेष्ठ कार्य, देखावे दुय्यम, असें तेव्हांचे जाणते मानीत. रोझाही तेंच मानी; पण गिऱ्हाइकें देखावेच मागत, आणि तो संतापे. तो आगाऊ पैसे घेत नसे. चित्र पुरें होईपर्यंत किंमत ठरवीत नसे. कोणी यास लहर म्हणतील. धनिकांच्या मर्जीवर जगण्याच्या त्या काळांत आम्हांस हें धैर्य वाटतें. दैवदेवता गाढव, डुक्कर इत्यादि पशूंवर आपल्या देणग्या उधळीत आहे, असें एक चित्र त्यानें १६५९ मध्यें लोकांपुढें ठेवलें. दरबारी लोकांस टोमणा झोंबला. पोपचे बंधु मध्यें पडले म्हणून तुरुंग टळला. त्यापूर्वीं, १६५६ च्या प्लेगांत, नेपल्स येथें त्याचा मुलगा व भाऊ दगावले होते.

१५ मार्च १६७३ रोजीं तो रोम येथें वारला. पुढील शतकांत इंग्रज धनिकांनीं त्याचीं चित्रें हौसेनें विकत घेतलीं. त्यांतही आवड देखाव्यांचीच. लंडनच्या वॉलेस संग्रहांत असें एक चित्र आहे. पाण्याकांठीं अपोलो देव बसला असून क्युमाची सिबिल मूठ पुढें करून उभी आहे. मुठींत जितके धूळकण तितकीं वर्षें आयुष्य तिनें मागितलें. तारुण्य मागावयाचें राहिलें. प्रसंग किती करुण! पण पाहणाराची दृष्टि आधीं जाते ती मागच्या काळ्याभोर कड्यांकडे.