जोसेफ आर्च : एका शेतमजुराचें चरित्र

कोणा मोठ्या घराण्यांतील पुरुषाचें चरित्र लिहावयास बसलें म्हणजे लेखकापुढें कागदांचा ढीग पडलेला असतो. खरेदीपत्रें, मृत्युपत्रें, वंशावळी आणि पत्रव्यवहार हें सारें पिढ्यान्‌पिढ्या पेटींत जपून ठेवलेलें असतें. परंतु एकोणिसाव्या शतकांतील इंग्लंडच्या एखाद्या शेतमजुराच्या कुटुंबाचा माग काढावयाचा असेल, तर वाट निराळी आहे. अशा मनुष्याचें नांव जन्मभरांत तीन वेळां बहुधा लिहिलें जाई : बाप्तिस्म्याच्या वेळीं, लग्नाच्या वेळीं आणि पुरतेवेळीं. चौथ्यानें लिहिलें गेलेंच तर तें गरिबांच्या फंडांतून मदत मागितल्यामुळें किंवा न्यायाधीशापुढें उभें राहावें लागल्यामुळें. जोसेफ आर्च हा अशाच कुटुंबांत जन्मला. म्हणून त्याची हकीकत सांगण्यापूर्वीं त्या नोंदवह्यांविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे.

आपल्या मंडळ्यांतून पाळकांच्या कपाटांत जशी बाप्तिस्म्याची वही असते, तशा वह्या इंग्लंडांतील प्रत्येक पॅरिशमध्यें १५३८ सालच्या हुकुमापासून ठेवूं लागले. १८१३ पासून बाप्तिस्म्याच्या नोंदीसाठीं छापील रकाने आले व त्यांत बापाचा धंदा लिहावा असें ठरलें. ‘मजूर’, ‘मजूर’, ‘मजूर’ असा एकच शब्द पानेंच्या पानें वाचीत जावें, इतकें त्या लोकांचें प्रमाण खेड्यांतून मोठें होतें. विवाहाच्या वहींत वधूवरांनीं सही करावयाची असे. ज्यांस लिहितां येत नसे ते फुली काढीत. जन्म, विवाह व मृत्यु यांची सरकारी नोंद १ जुलै १८३७ पासून सुरू झाली. १८४१ च्या खानेसुमारींत घरोघरच्या माणसांचीं नांवें देशभर प्रथमच टिपलीं गेलीं. पण शेतमजूर हा शब्द कारकुनांनीं पुरता लिहिण्याचेही श्रम घेतले नाहींत, त्याचें दोन तुटक अक्षरगटांत रूप केलें. १८५१ च्या खानेसुमारींत मात्र प्रत्येकाचा जन्म कोणत्या पॅरिशमध्यें झाला हें विचारलें गेलें. पोटामागें गांवोगांव फिरणाऱ्या कुटुंबाचा शोध घेणारास ह्या एका रकान्याचा उपयोग इतर सर्वांहून अधिक होतो.

जोसेफ आर्च १० नोव्हेंबर १८२६ रोजीं वॉरिक शहराजवळील बारफर्ड ह्या खेड्यांत जन्मला. बाप मजूर होता. एक गोष्ट मात्र ह्या घरास इतर मजुरांच्या घरांहून वेगळी होती : राहतें खोपट त्यांच्या स्वतःच्या मालकीचें होतें. बहुतेक मजूर जमीनदाराच्या किंवा शेतकऱ्याच्या घरांत राहत, व धन्याची मर्जी गेली कीं काम आणि छप्पर दोन्हीं एकाच दिवशीं जात. आर्चच्या पुढील सर्व धिटाईचें मूळ ह्या चार भिंतींत होतें असें मला वाटतें.

१८३५ च्या सुमारास परदेशी धान्यावरील कर कायम ठेवावा अशा अर्जावर गांवच्या मजुरांच्या सह्या घेतल्या जाऊं लागल्या. त्या करामुळें भाकर महाग होत असे. जोसेफच्या बापानें सही नाकारली. त्यास अठरा आठवडे कोणीं काम दिलें नाहीं, आणि आईनें लोकांचे कपडे धुऊन घर चालविलें. ही बाई मोठी मानी होती. रेक्टरसाहेबांच्या पत्नीनें शाळेंतील गरीब मुलींचे केस वाटीसारखे गोल कापण्याचा हुकूम काढला, तेव्हां आपल्या मुलींचे केस तिनें कापूं दिले नाहींत. त्यानंतर रेक्टरवाड्यांतून गरिबांस मिळणारा रस्सा आणि कोळसा ह्या घरास मिळाला नाहीं. जवाची भाकर खाऊन दिवस काढणाऱ्या घरास ही किंमत लहान नव्हती. मुलास वाचनाची गोडी लाविली तीही तिनेंच.

लहानपणचा आणखी एक प्रसंग आर्च जन्मभर विसरला नाहीं. प्रभुभोजनाच्या वेळीं मुलांस बाहेर जावें लागे. आंत काय होतें हें पाहण्यासाठीं त्यानें एकदां दाराच्या किल्लीच्या भोंकास डोळा लाविला. प्रथम गांवचा जमीनदार एकटाच मेजाजवळ गेला. मागून शेतकरी, त्यांच्यामागें दुकानदार व कारागीर, आणि सर्वांच्या शेवटीं ढगळ अंगरख्यांतले मजूर, त्यांत त्याचा बाप. बाप्तिस्म्याच्या वहींत जमीनदाराचें लेंकरूं आणि मजुराचें लेंकरूं एकाच पानावर एकाखालीं एक लिहिलेलें सांपडतें. वही पाहणारास वाटावें, येथें सर्व सारखे होते! किल्लीच्या भोंकांतून दिसलेलें दृश्य कोणत्याही वहींत नाहीं. तें आपणांस कळतें तें आर्चनें म्हातारपणीं आपलें चरित्र सांगितलें म्हणून. त्या दिवसापासून त्याचें मन त्या चर्चमध्यें रमलें नाहीं. पण प्रभूपासून तो दूर गेला नाहीं. पुढें प्रिमिटिव्ह मेथॉडिस्ट पंथांत तो उपदेश करूं लागला.

शाळा त्यास जेमतेम तीन वर्षें लाभली. नवव्या वर्षीं तो शेतांत पांखरें हाकण्याच्या कामास लागला. बारा तास उभें राहावयाचें आणि दिवसाचे चार पेन्स घ्यावयाचे. सहा दिवसांचे दोन शिलिंग होत. मोठेपणीं काटेरी झाडांचीं कुंपणें छाटण्याच्या कलेंत त्यानें मोठें नांव मिळविलें, आणि त्या कामासाठीं इंग्लंड-वेल्समध्यें दूरदूर फिरला. १८४७ सालीं त्याचें लग्न झालें. सात मुलें झालीं.

७ फेब्रुवारी १८७२ हा त्याच्या आयुष्यांतला दिवस. वेल्सबर्न गांवचे मजूर भर पावसांत त्याच्या दारीं आले आणि त्यांनीं त्यास सभेस नेलें. तीस-चाळीस लोक येतील अशी त्याची अटकळ. तेथें हजारावर लोक जमले होते. चेस्टनटच्या झाडाखालीं, घेवड्याच्या वेलांच्या काठ्यांस कंदील बांधून सभा झाली. डुकरें कापण्याच्या बांकावर उभा राहून आर्च बोलला. मजुरी तेव्हां आठवड्यास बारा शिलिंगांच्या आसपास होती. मजुरांनीं सोळा मागितले. २९ मे रोजीं लेमिंग्टन येथें शेतमजुरांचा राष्ट्रीय संघ स्थापन झाला व आर्च त्याचा अध्यक्ष झाला. आठवड्यास दोन पेन्स वर्गणी देऊन मजूर आपलीं नांवें संघाच्या वहींत लिहवूं लागले. १८७४ पर्यंत सुमारें ८६ हजार सभासद झाले. ह्या वहींत नांव घालण्यास त्यांस कोणीं बोलाविलें किंवा भाग पाडलें नव्हतें.

धनिकांनीं हें निमूटपणें सोसलें नाहीं. १८७३ सालीं ऑक्सफर्डशायरमध्यें संपवाल्या मजुरांच्या घरच्या सोळा स्त्रियांस, संप मोडूं पाहणारांस अडविलें म्हणून, तुरुंगांत घालण्यांत आलें. दोघींजवळ तान्हीं मुलें होतीं. शिक्षा देणारे दोघेही न्यायाधीश धर्मगुरु होते, हें लिहितांना ख्रिस्ती मनुष्याची लेखणी अडखळते. पण गाळणें बरें नव्हे. १८७४ सालीं पूर्वेकडील परगण्यांत शेतकऱ्यांनीं संघाच्या सभासदांस कामावरून बंद केलें. संघाचे हजारों पौंड खर्च झाले, आणि तो हरला. पुढें तो खालावतच गेला.

तरी दुसरी एक वही उघडली. १८८४ च्या कायद्यानें खेड्यांतील मजूर घरधन्यांस मत मिळालें आणि मतदारांच्या यादींत त्यांचीं नांवें आलीं. १८८५ सालीं वायव्य नॉरफोकमधून आर्च पार्लमेंटांत निवडून आला. युवराजांचा सँड्रिंगहॅमचा वाडा त्याच मतदारसंघांत होता! १८८६ सालीं तो पडला, १८९२ सालीं पुन्हां आला आणि १९०० पर्यंत राहिला. १८९३ सालीं वृद्ध गरिबांच्या स्थितीचा विचार करण्यास नेमलेल्या रॉयल कमिशनवर युवराज आणि आर्च दोघेही सभासद होते. खरें सांगावयाचें तर पार्लमेंटांत त्यानें फारसें बोलून दाखविलें नाहीं. झाडाखालचा त्याचा आवाज त्या दिवाणखान्यांत उमटला नाहीं, आणि जुने सोबतीही त्यास दुरावले.

१८९८ सालीं त्याचें आत्मचरित्र प्रसिद्ध झालें. तें संपादन करून देणारी वॉरिकची काउंटेस, म्हणजे ज्या वॉरिक किल्ल्याच्या छायेंत त्याच्या वाडवडिलांनीं मजुरी केली तेथील धनीण होती. शेवटचीं वर्षें आर्च बारफर्डला त्याच जुन्या खोपटांत राहिला, आणि १२ फेब्रुवारी १९१९ रोजीं, वयाच्या ९३ व्या वर्षीं, तेथेंच त्याचें देहावसान झालें.