जॉर्ज बिडेल एअरी : स्वतःचा डोळा मोजणारा खगोलशास्त्रज्ञ



आज एका अशा माणसाची ओळख करून घेऊ, ज्याने आकाश मोजण्याआधी स्वतःचा डावा डोळा मोजला. वर्गात ही गोष्ट सांगायला पंधरा मिनिटं पुरतात. पण आधी ती आपण नीट समजून घेऊ, कारण तिचा संबंध आपल्याच बाकांवरच्या मुलांशी आहे.

जॉर्ज बिडेल एअरी यांचा जन्म २७ जुलै १८०१ रोजी उत्तर इंग्लंडमध्ये झाला. वडील करवसुलीच्या खात्यात होते. जॉर्ज शाळेत असतानाच ती नोकरी गेली. सुट्ट्यांमध्ये जॉर्ज इप्सविचजवळ मामाच्या गावाला राहायचा आणि मामाकडची पुस्तकं वाचून काढायचा. १८१९ मध्ये केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात प्रवेश मिळाला, तोही गरीब विद्यार्थ्यांसाठीच्या सवलतीतून. १८२३ मध्ये गणिताच्या परीक्षेत तो पहिला आला.

आता गंमत बघा. इतक्या हुशार विद्यार्थ्याला पुढे कधीतरी कळलं, की वाचताना आपण डावा डोळा वापरतच नाही! सगळं काम उजवा डोळा करत होता, म्हणून घरच्यांना, गुरुजींना, कुणालाच काही जाणवलं नव्हतं.

एअरी यांनी एका कार्डाला बारीक छिद्र पाडलं, ते उजेडासमोर धरलं आणि जवळ-दूर करत डाव्या डोळ्याने पाहिलं. छिद्र टिंबासारखं दिसायला हवं होतं. पण एका अंतरावर त्याची तिरपी रेघ झाली आणि दुसऱ्या अंतरावर तिला काटकोनात छेदणारी दुसरी रेघ. त्यांनी दोन्ही अंतरं मोजली, गणित मांडलं आणि चष्म्याच्या काचेची मापं काढली. काचेची एक बाजू नेहमीसारखी खोलगट, तर दुसरी नळीच्या आकाराची, म्हणजे सिलिंड्रिकल. काही कारागिरांना ते जमेना. शेवटी इप्सविचच्या फुलर नावाच्या कारागिराने ती काच घडवली आणि डावा डोळा वाचू लागला. १८२५ मध्ये एअरी यांनी हा सगळा प्रयोग केंब्रिजच्या विद्वत्सभेत मांडला. असा दोष त्याआधी १८०१ मध्ये थॉमस यंग यांनी स्वतःच्या डोळ्यात ओळखला होता, पण अशी काच करवून घेऊन तो दुरुस्त केला एअरी यांनी. त्याला ॲस्टिग्मॅटिझम हे नाव नंतर विल्यम ह्यूएल यांनी दिलं. मराठीत आपण अबिंदुकता म्हणतो.

मुलांना हे असं सांगा. डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा चेंडूसारखा सगळीकडे सारखा गोल असेल, तर किरण एका बिंदूत येतात. तो चमच्याच्या पाठीसारखा एका दिशेने जास्त आणि दुसऱ्या दिशेने कमी वाकलेला असेल, तर बिंदू जुळत नाही. मग खिडकीचे उभे गज स्पष्ट आणि आडवे पुसट दिसतात, किंवा उलटं.

पुढे १८३५ ते १८८१ एअरी इंग्लंडचे राजखगोलशास्त्रज्ञ होते. त्यांनी ग्रीनिचला बसवलेल्या दुर्बिणीची रेषाच १८८४ मध्ये जगाची शून्य रेखांश ठरली. आपलं घड्याळ तिच्या साडेपाच तास पुढे चालतं. आपल्या भागाशीही त्यांचा एक धागा आहे बरं का! भारताची मोजणी करणारे विल्यम लॅम्बटन १८२३ मध्ये आपल्या शेजारच्या हिंगणघाटला वारले. ती मोजणी पुढे हिमालयापाशी पोचली, तेव्हा ओळंबा अपेक्षेइतका पर्वताकडे ओढला जात नाही असं दिसलं. १८५५ मध्ये एअरी यांनी त्याचं कारण सुचवलं : पाण्यात तरंगणारा जाड ओंडका जास्त खोल बुडतो, तसा पर्वतही खाली खोलवर गेलेला असतो. सागवानाच्या जंगलातल्या आपल्या मुलांना हे लगेच पटेल. २ जानेवारी १८९२ रोजी एअरी यांचं निधन झालं.

मग आज यावर उपाय काय? मुलांसाठी पहिला उपाय सिलिंड्रिकल नंबरचा चष्माच. त्यात नंबरासोबत काचेचा कोनही अचूक लागतो, म्हणून दुसऱ्याचा चष्मा चालत नाही आणि वाकलेली फ्रेम तशीच ठेवू नये. मोठ्या मुलांना टोरिक कॉन्टॅक्ट लेन्स चालते, पण स्वच्छता पाळता आली तरच. लेझर शस्त्रक्रिया अठरा वर्षांनंतर, नंबर स्थिर झाल्यावर आणि तपासणीत डोळा योग्य ठरला तर. आजी-आजोबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये टोरिक भिंग बसवता येतं. थेंबांनी किंवा व्यायामाने हा दोष जात नाही.

आणि उशीर का करू नये? लहानपणी एका डोळ्याकडून मेंदूला सतत पुसट चित्र मिळालं, तर मेंदू त्या डोळ्याकडे लक्ष देणंच सोडतो. डोळा आळशी होतो. नंतर चष्मा लावूनही पूर्ण नजर येईलच असं नाही. एअरी यांना आपला डोळा स्वतः तपासता आला. धानोरा, भामरागड किंवा जिवतीच्या पहिलीतल्या लेकराला ते कसं जमणार? एक डोळा चांगला असला की ते तक्रारही करत नाही.

वर्गात करून पाहा : फळ्यावर चाकाच्या आऱ्यांसारख्या सारख्या जाडीच्या रेषा काढा. प्रत्येक मुलाला एकेक डोळा हाताने झाकून विचारा, सगळ्या रेषा सारख्याच काळ्या-पांढऱ्या दिसतात का? हे निदान नव्हे, फक्त इशारा आहे. काही रेषा पुसट म्हणणारं, मान तिरपी करणारं, डोळे बारीक करणारं मूल दिसलं, तर नाव लिहून ठेवा, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येईल तेव्हा दाखवा किंवा पालकांना सांगून सरकारी रुग्णालयात पाठवा. पथकाला वेळ असेल, तर वाट पाहू नका.

पालकहो, घरीही आजच एक डोळा झाकून बघायला सांगा. दोन मिनिटांचंच काम आहे.