बिनतारी लहरींचे संशोधक जगदीशचंद्र बोस

जगदीशचंद्र बोस हे आपल्या भारत देशात होऊन गेलेले थोर शास्त्रज्ञ. त्यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी बंगालमधील मैमनसिंग येथे झाला. हे गाव आता बांगलादेशात आहे. त्यांच्या वडिलांचे नाव भगवानचंद्र. ते मोठे सरकारी अधिकारी होते. त्या काळी अधिकाऱ्यांची मुलं इंग्रजी शाळेत जात. पण भगवानचंद्रांनी आपल्या मुलाला साध्या बंगाली शाळेत घातले. आधी आपली भाषा यावी, आपली माणसं कळावी, असं त्यांना वाटे. वर्गात जगदीशच्या एका बाजूला शिपायाचा मुलगा बसे. दुसऱ्या बाजूला मासेमाराचा, म्हणजे आपल्याकडे म्हणतात तसा ढीवराचा मुलगा बसे. ते त्याला पाखरांच्या, जनावरांच्या आणि पाण्यातल्या जीवांच्या गोष्टी सांगत. त्यातूनच त्याला निसर्गाची गोडी लागली.

पुढे ते कलकत्त्याला शिकले. १८८० साली ते इंग्लंडला गेले. आधी डॉक्टर व्हायचे होते, पण तब्येत साथ देईना. मग ते केंब्रिजला विज्ञान शिकले. परत आल्यावर १८८५ साली कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक झाले.

तेव्हा इंग्रजांचे राज्य होते. एकच काम, पण गोऱ्या प्राध्यापकाला पूर्ण पगार आणि भारतीयाला कमी. बोस यांना हा अपमान सहन झाला नाही. त्यांनी भांडण केले नाही आणि शिकवणेही सोडले नाही. फक्त पगार घेतला नाही. असे एक दोन महिने नाही, तर तब्बल ३ वर्षे! घरी ओढाताण झाली, पण ते मागे हटले नाहीत. शेवटी सरकारला पूर्ण पगार मान्य करावा लागला आणि मागचे पैसेही द्यावे लागले.

आता त्यांच्या मोठ्या शोधाकडे वळू. आपल्या इटियाडोह धरणाच्या पाण्यात गोटा फेकला की लाटा उठतात आणि दूरपर्यंत जातात. तशाच विजेच्याही लाटा असतात. त्या डोळ्याला दिसत नाहीत. जर्मनीच्या हर्ट्झ नावाच्या शास्त्रज्ञाने १८८७-८८ साली प्रयोग करून त्या दाखवल्या. ते वाचून बोस यांनी १८९४ साली काम सुरू केले. कॉलेजात धड प्रयोगशाळा नव्हती. एक लहानशी खोली होती. त्यांनी एका टिनाचे काम करणाऱ्या कारागिराला हाताशी धरून आपली यंत्रे घडवून घेतली. त्यातून त्यांनी फक्त ५ मिलिमीटर लांबीच्या लाटा तयार केल्या. एवढ्या बारीक लाटा तोवर कोणी केल्या नव्हत्या.

१८९५ च्या सुमारास त्यांनी कलकत्त्यात लोकांसमोर प्रयोग केला. एका खोलीतून लाटा सोडल्या. मध्ये भिंत होती. तार कुठेच नव्हती. तरी पलीकडे घंटी वाजली आणि बंदुकीची दारू पेटली! लोक थक्कच झाले.

या लाटा कशातून जातात, कशावर आदळून मागे फिरतात, हे बोस एक एक वस्तू मध्ये ठेवून तपासत. धातूच्या पत्र्यावरून त्या आरशासारख्या परत येतात, हे त्यांनी दाखवले. एकदा तर त्यांनी रेल्वेच्या वेळापत्रकाच्या पुस्तकात पानापानांमध्ये टिनाचा पातळ कागद घालून प्रयोग केला. साध्या वस्तूंतून विज्ञान करणे, ही त्यांची हातोटी होती.

त्यांचे यंत्रही कधी कधी बिघडे. तेव्हा लाटा ओळखायला लोखंडाचा कीस भरलेली नळी वापरत. ती कधी चाले, कधी चालत नसे. शिवाय बंगालची हवा दमट, त्यामुळे लोखंड गंजे. बोस यांनी यंत्र फेकले नाही. दोष नेमका कुठे आहे ते शोधले. किसाच्या जागी पोलादाच्या बारीक स्प्रिंगा बसवल्या आणि त्यांचा दाब स्क्रूने कमीजास्त करता येईल असे केले. मग यंत्र नीट चालू लागले.

मित्रमैत्रिणींनो आणि पालकांनो, हे मी काहून सांगतो? कारण वायफाय म्हणजे याच जातीच्या लाटा. त्या बोस यांच्या लाटांपेक्षा लांब असतात. एक प्रकार साधारण १२ सेंटिमीटरचा, दुसरा साधारण ६ सेंटिमीटरचा. लांब लाट भिंतीतून जास्त चांगली जाते. लहान लाट जवळ वेगाने काम करते, पण भिंतीत लवकर अडकते.

आमच्या वर्गात नवा संगणक आला तेव्हा त्याला वायफाय लागेना. काही मोठी माणसं म्हणाली की इकडे जंगलात नेट चालणारच नाही, संगणक परत पाठवा. आम्ही सारे हिरमुसलो. पण गुरुजींनी बोस यांच्यासारखे एक एक करून तपासले. आधी संगणकात वायफाय चालू आहे का ते पाहिले. होते. मग पासवर्डमधली लहान मोठी अक्षरे बरोबर आहेत का ते पाहिले. होती. मग गुरुजींनी मोबाईल ऑफिसात नेला. तिथे राउटरजवळ तो लगेच जोडला गेला. म्हणजे नेट येत होते आणि राउटरही चांगला होता. अडचण मधल्या वाटेत होती. राउटर चोरीला जाऊ नये म्हणून तो लोखंडी कपाटात ठेवला होता! लोखंडावरून लाटा परत फिरतात, हे तर बोस यांनी कधीच दाखवले होते. राउटर बाहेर काढून भिंतीवर उंच ठेवला आणि वर्गात संगणक जोडला गेला.

तरी पानं काही उघडेनात. गुरुजींनी कोपऱ्यातली तारीख पाहिली. ती कित्येक वर्षे मागची होती. तारीख चुकीची असली की संगणकाला समोरची साइट खरी की खोटी ते पटत नाही, म्हणून तो पान उघडत नाही. तारीख दुरुस्त केली आणि पानं उघडू लागली. संगणक परत गेला नाही. तुमच्या घरी असं झालं तर एका वेळी एकच गोष्ट बदला. सगळं एकदम बदललं तर दोष कशात होता ते कळतच नाही.

बोस यांचे यंत्र खूप वेळ चालले की थकल्यासारखे होई आणि विसावा दिला की पुन्हा चाले. हे पाहून त्यांना वाटले, निर्जीव धातू असा वागतो तर झाडांचे काय? मग त्यांनी झाडांवर प्रयोग केले. झाडाची वाढ फार बारीक असते. ती मोठी करून दाखवणारे क्रेस्कोग्राफ हे यंत्र त्यांनी बनवले. झाडेही उष्णतेला, विषाला आणि धक्क्याला प्रतिसाद देतात, हे त्यांनी जगाला दाखवले.

बिनतारी संदेशाबद्दल १९०९ साली मार्कोनी आणि ब्राउन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. बोस यांना मिळाले नाही. आपल्या शोधावर पैसा कमवावा असे त्यांना वाटत नसे. १९०४ साली अमेरिकेत त्यांना एक पेटंट मिळाले होते, तेही त्यांनी पुढे चालवले नाही. ज्ञान सर्वांचे आहे, असे ते मानत. ३० नोव्हेंबर १९१७ रोजी, आपल्या वाढदिवशी, त्यांनी कलकत्त्यात बोस संशोधन संस्था सुरू केली. ती आजही चालू आहे. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे त्यांचे निधन झाले.

साध्या शाळेत शिकलेला मुलगा जगाला नवी वाट दाखवू शकतो, हे त्यांच्या चरित्रातून शिकायला मिळते. अशा या थोर शास्त्रज्ञास माझे कोटी कोटी प्रणाम!

इयत्ता चौथी, इटियाडोह