कवट्या मोजणारी इरावती

इरावती कर्वे म्हटलं की सगळ्यांना 'युगान्त' आठवतं. मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे ते वाचलं थेट हॉस्टेलवर, तेही रूममेटने हातात कोंबलं म्हणून! पण मला त्यांची आवडते ती गोष्ट वेगळीच आहे, हाडांची.

१९०५ साली ब्रह्मदेशात जन्म. तिथल्या इरावती नदीवरून नाव. सातव्या वर्षी शिकायला पुण्यात, हुजूरपागेत. मग फर्ग्युसन, मग मुंबईला घुर्यांकडे एम.ए. महर्षी कर्व्यांची सून झाल्या आणि १९२८ मध्ये पीएच.डी.साठी बर्लिनला गेल्या.

तिथले गाइड ऑयगेन फिशर म्हणजे बडं प्रस्थ. त्यांचं गृहीतक असं की कवटीची उजवी-डावी बाजू असमान असणं हे गोऱ्या युरोपियनांचं वैशिष्ट्य, आणि त्यांच्या वरचढ बुद्धीची खूण. ते तपासायला इरावतीबाईंपुढे १४९ कवट्या!

आता कवटी मोजायची कशी? रॉडचा व्यास आपण व्हर्नियरने घेतो, पण कवटीला सरळ कडच नसते ना. म्हणून ठरलेले बिंदू धरतात: कपाळ आणि नाकाचं हाड जुळतं तो, कानाच्या छिद्राची वरची कड, असे. मध्यरेषा ठरवून उजवीकडचं अंतर घ्यायचं, मग डावीकडचं. बिंदू मिलीमीटरभर सरकला तर जो फरक शोधतोय तोच खोटा निघणार. असं १४९ वेळा.

निष्कर्ष आला उलटा. असमानता सगळ्याच वंशांच्या कवट्यांत होती, वंशाशी तिचा संबंध दिसेना. बाईंनी प्रबंधात तसंच लिहिलं. परका देश, गाइड नाराज, मार्क त्याच्याच हातात! (सबमिशनच्या आदल्या रात्री ग्राफवर आधी रेघ मारून मग रीडिंग बसवणाऱ्या मंडळींनी कृपया नोंद घ्यावी.) मार्क कमी पडले, पण डिग्री मिळाली. १९३३ नंतर हेच फिशर नाझींच्या वंशशुद्धीच्या कामात सामील झाले.

परत आल्यावर मात्र बाईंनी महाराष्ट्रातल्या जातींची डोकी-नाकं वर्षानुवर्षं मोजली. एवढं पाहून आल्यावरही? मला हे कोडंच वाटतं.

१९३९ पासून त्या डेक्कन कॉलेजात होत्या. पुढे सांकलियांबरोबर गुजरातेत लांघणजला उत्खनन केलं. तिथे वाळूखाली अश्मयुगातली माणसं सापडली, पाय पोटाशी दुमडून पुरलेली. १९७० मध्ये त्या गेल्या. पुण्यात स्कूटर चालवणाऱ्या पहिल्या बाई त्याच होत्या म्हणे!